पुतळ्याचा उजवा हात

"नवऱ्याला पुतळा समितीच्या कार्यालयात कोंडून ठेवलंय हो," रखवालदाराची बायको दारातूनच म्हणाली. "मास्तरांच्या पुतळ्याचा हात गेलाय. पाचपर्यंत सापडला नाही तर यांना पोलिसांत देणार!"

बाईंनी चपला चढवल्या. शहरात खासगी तपास करणाऱ्या त्या एकट्याच. भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे निवृत्त कारकून नवरे, बोलावलं नसतानाही निघाले. त्यांच्या डोक्यात प्रकाश उशिरा पडतो, पण पडतो.

चौकात ब्राँझचे मास्तर कापडाखाली उभे होते. सगळ्यांना देवळात एकाच दारातून जाता यावं म्हणून चाळीस वर्षांपूर्वी मोर्चा काढणारा हा माणूस. अनावरण पाच वाजता मास्तरांच्या मुलीच्या हस्ते, आणि उंचावलेला उजवा हात मनगटापाशीच संपलेला.

"कापून भंगारात घातला," समितीचे अध्यक्ष गरजले. "काल संध्याकाळी मी स्वतः पाहिला, हात होता. आज नऊला कापड उचललं तर गायब. कुंपणाची चावी त्या रखवालदाराकडेच!"

बाई शिडीवर चढल्या. मनगटाची कड सरळ होती आणि बाकी अंगासारखीच तपकिरी. चौथऱ्यावर धातूचा कणही नव्हता.

मग भावोजी चढले. "आत आटे पाडलेला दांडा आहे."

"असेल," अध्यक्ष वैतागले. "पुतळ्यांना असतात तसलं काहीतरी."

कोंडलेल्या रखवालदाराचा चेहरा उतरला होता. "सकाळी तिघं कापडाखाली गेले. मास्तरांची मुलगी, शिल्पकार आणि पॉलिश करायला ओतकामवाले मिस्त्री. तिघांकडे पिशव्या होत्या. मी प्रत्येकाला चहा आणून दिला, तेवढाच काय तो हललो."

मास्तरांची मुलगी घरी जुने फोटो मांडून बसली होती. "पुतळा देखणा आहे, पण ते बाबा नाहीत. मोर्च्यात लाठी बसली तेव्हापासून उजव्या हाताची बोटं वाकडीच राहिली. जेवायचेसुद्धा डाव्या हाताने. समितीला मात्र सरळ बोटं हवी होती. मी दोनदा पत्र लिहिलं."

"हिचंच काम!" भावोजी जिन्यात कुजबुजले.

"चहा येईपर्यंत शिडी चढून ब्राँझ कापलं? तुम्हाला डबा उघडायला अर्धा तास लागतो, भावोजी."

शिल्पकारांची नखं मातीने भरलेली होती. "मी मातीचा माणूस. मातीत घडवून दिलं की माझं संपलं. ओतणं, तुकडे जोडणं, रसायनाने वर तपकिरी थर चढवणं, सगळं मिस्त्री करतात. मी पुतळा पाहिला तो एकदम पूर्ण झालेला."

साठीला टेकलेल्या मिस्त्रींच्या कारखान्यात भट्टी थंडगार होती. "पुतळा गेल्यापासून महिनाभर काम नाही," ते म्हणाले. त्यांच्या बोटांवर तपकिरी डाग होते, अजून ओले. "रखवालदाराचं काय होणार?" त्यांनी दोनदा विचारलं, मान वर न करता.

सव्वाचारला बाईंनी सगळ्यांना समितीच्या कार्यालयात बसवलं. बाहेर खुर्च्या मांडल्या जात होत्या. रखवालदाराची बायको नवऱ्याचा दंड घट्ट धरून उभी होती.

"हात कोणी कापलाच नाही," बाई म्हणाल्या. "ब्राँझ ताजं कापलं की घासलेल्या भांड्यासारखं चकाकतं, खाली चुरा पडतो. इथे चुरा नाही आणि कडेवरही तपकिरी थर. म्हणजे थर चढवला तेव्हाच हात सुटा होता. तो नंतर आट्यांवर फिरवून बसवला, पुन्हा काढता यावा म्हणून. थर चढवणारा माणूस एकच."

भावोजी ताडकन उठले. "आणि काम नसताना बोटांवर ओला रंग! म्हणजे दुसरा हात केलाय!"

"पडला प्रकाश," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी पिशवी उघडली. सरळ बोटांचा हात त्यांनी टेबलावर ठेवला आणि शेजारी दुसरा, वाकड्या बोटांचा. मुलीने तोंडावर हात ठेवला.

"दोन्ही तेव्हाच ओतले होते. सकाळी बदलायला गेलो, तर नवा बसेना. तेवढ्यात रखवालदार चहा घेऊन आला, जुना परत चढवता आला नाही. आटे घासले, कडेला पुन्हा रंग दिला, साडेचारला बसवणार होतो." त्यांनी वाकडी बोटं चाचपली. "मोर्च्यात मी एकोणीस वर्षांचा होतो. लाठी माझ्या डोक्यावर येत होती. मास्तरांनी मध्ये हात घातला आणि मी पळालो. त्या हाताची बोटं सरळ कशी करू?"

"आणि सकाळपासून तुमचा मार हा माणूस खातोय," बाई कडाडल्या. "तेव्हा पोरवय होतं, मिस्त्री. आज का गप्प बसलात?"

मिस्त्री उठून रखवालदारापुढे गेले. त्यांनी हात जोडले. "चुकलो. पोलिसांना बोलवा, अध्यक्ष. हात मी काढला, मी कुठेही जात नाही."

"बोलावतोच!" अध्यक्षांनी फोन उचलला. "आणि हा वाकडा हात चालणार नाही."

"मग कापड मी ओढणार नाही," मास्तरांची मुलगी म्हणाली.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मग बाहेरची गर्दी पाहिली आणि फोन खाली ठेवला.

रखवालदाराने मिस्त्रींकडे पाहिलं. राग होताच, तो त्याने लपवला नाही. मग त्याने बायकोच्या हातातून दंड सोडवून घेतला.

"चला," तो म्हणाला. "शिडी मी धरतो."