हसरा सारस आणि आरशाचा कॅमेरा

सारसाला दात असतात का?

नाही ना? यामिनी कटरेलाही हे पक्कं ठाऊक होतं. रांगायला लागल्यापासून ती गावच्या तळ्यावर सारस बघत आली होती. लाल मान, राखाडी अंग, माणसाएवढी उंची आणि लांब चोच. चोचीत दात? छे! आणि तरी तिच्या फोनमधल्या फोटोत तळ्यावरचा सारस चक्क बत्तीशी दाखवून हसत होता. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचे मामा हसतात ना, तसा.

हा फोटो तिने पाणपक्षी नोंद केंद्राला पाठवला होता. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं. ‘फोटो नाकारला. पक्ष्याला दात आहेत.’

यामिनी आधी खो-खो हसली आणि मग तिला रडूच फुटलं. कारण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सन होतं २०४८. गोंदिया जिल्ह्यातल्या खुर्सीटोला या तिच्या गावच्या तळ्यावर पुढच्या आठवड्यात तरंगत्या सौर पट्ट्या (उन्हापासून वीज करणाऱ्या फळ्या) अंथरल्या जाणार होत्या. वीज गावाला हवी होती, यामिनीलाही हवीच होती. पण तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, देवधानाच्या (आपोआप उगवणाऱ्या रानटी भाताच्या) गवतात सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं. पावसाळाभर शाळेच्या आधी जाऊन तिने त्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली होती. नुकतंच त्यातून एक पिल्लू निघालं होतं. ज्या कोपऱ्यात पिल्लाची नोंद होईल तो मोकळा सोडायचा, असा नियम होता. नोंदीला फोटो लागणार होता आणि यादी रविवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होती.

त्या दिवशी शुक्रवार होता.

केंद्राच्या नियमात आणखी एक ओळ होती. ‘फक्त कच्चा फोटो चालेल (उजेड जसा पडला तशीच नोंद, काही न भरलेली).’ फोनला असा फोटो काढताच येत नसे. यामिनीकडे शिष्यवृत्तीचे पैसे होते. त्यातून एखादा जुना कॅमेरा आला असता.

“पैसे तुझे, अक्कलही तुझीच,” बाबा म्हणाले. “पण गोऱ्हा घेताना पारखतो तसा पारखून घेजो. नुसत्या झुलीवर भुलू नको.”

शनिवारी सकाळच्या बसने ती गोंदियाला गेली. बाजारात चंद्रकला बोपचे नावाच्या बाईंचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना चंदामावशी म्हणत. दारातच एक यंत्रमानव उभा होता. ढोपरापर्यंत वाळलेल्या चिखलाचे डाग, हात लांबच लांब, आणि समोर दिसेल ती वस्तू ओळीत मांडायची खोड.

“याच्याकडे लक्ष देऊ नको पोरी,” चंदामावशी म्हणाल्या. “हा आपला रोवणभाऊ. बारा वर्षं धानाची रोवणी केली यानं. गुडघे गेले तसा मी आणला दुकानात. काय पाह्यजे तुला?”

यामिनीने सगळी हकिकत सांगितली, दातांसकट. मग तिची नजर काचेमागच्या एका कॅमेऱ्यावर गेली. इवलासा, चकचकीत, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं – दोनशे मेगापिक्सेल! (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अशा ठिपक्यांनीच फोटो बनतो.) शेजारी काळे, ठोकळ्यासारखे जुने कॅमेरे होते. त्यांच्यावर जेमतेम चोवीसचा आकडा.

“हाच द्या!” यामिनी म्हणाली. “दोनशे कुठं आणि चोवीस कुठं!”

आता यात तिचा काही दोष नाही बरं. तिच्या गावात सगळा हिशेब पोत्यांवर चालायचा. ज्याची पोती जास्त, त्याचं पीक चांगलं. मोठा आकडा वाईट कसा असेल?

“चूक!” रोवणभाऊ एवढ्या मोठ्याने ओरडला की यामिनी दचकली. बिचाऱ्याला चार बांध्या पलीकडे ऐकू जाईल असं बोलायची सवय होती. “ताई, तुमच्या बाबांची एक बांधी धरा. त्यात मी दहापट दाट पऱ्हे रोवले तर पीक दहापट येईल?”

यामिनी हसली. बांधी म्हणजे बांध घातलेलं भाताचं खाचर आणि पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. हे तर खुर्सीटोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. “दहापट? अरे, असेल तेही जाईल! दाटीवाटीत रोपांना ऊन मिळत नाही. लोंबी बारीक आणि दाणे पोचट.”

“मग हे बघा.” रोवणभाऊने चकचकीत कॅमेऱ्याचं झाकण उघडून आतली चकती दाखवली. ती करंगळीच्या नखाएवढी होती. “हा सेन्सर (उजेड झेलणारी चकती). ही कॅमेऱ्याची बांधी. आणि पिक्सेल म्हणजे तिच्यातली रोपं. एवढ्याशा बांधीत दोनशे दशलक्ष रोपं! एकेकाच्या वाट्याला उजेड किती येणार?”

मग त्याने एका काळ्या ठोकळ्याचं तोंड उघडलं. त्याची चकती चांगली खोडरबराएवढी होती. “ही मोठी बांधी. रोपं चोवीस दशलक्षच, पण ऐसपैस. प्रत्येकाला पोटभर उजेड.”

यामिनीच्या डोक्यात काहीतरी हललं. “माझ्या फोनची चकतीपण बारीकच असणार! मी फोटो काढला तेव्हा उजाडायचं होतं. मग रोपं उपाशीच राहिली. पण फोटो तर स्वच्छ आला होता?”

“कारण फोनला उपाशी रोपं दाखवायची लाज वाटते,” चंदामावशी म्हणाल्या. “जिथं उजेड पुरला नाही तिथं तो अंदाजानं भरतो. आतापर्यंत त्यानं कोट्यवधी फोटो पाह्यले, आणि त्यात निम्मे हसणाऱ्या माणसांचे. अंधुक काही उंच उभं दिसलं की त्याला वाटतं, माणूसच असणार. मग देतो दात लावून!”

तिघेही हसले. रोवणभाऊचं हसणं बिघडलेल्या पंपासारखं होतं, पण मनापासून होतं.

“मग पिक्सेल जितके कमी तितकं बरं?” यामिनीने विचारलं. तिचा प्रश्न खरंच चांगला होता.

“तसंही नाही,” रोवणभाऊ म्हणाला. “फार विरळ रोवलं तर बांधी ओसाड. पिल्लाचा डोळा दोन रोपांच्या मधल्या रिकाम्या जागेत हरवेल. बांधी केवढी आणि रोपं किती, दोन्ही मिळून बघायचं. या बांधीला चोवीस छान.”

यामिनीने तो काळा कॅमेरा उचलला. चांगलाच जड होता. वरच्या खिडकीला डोळा लावला तर समोरचा रस्ता जिवंत दिसला. पडदा नाही, काही नाही. तिने बटण दाबलं. खटाक!

“हा आवाज कसला?”

“आरशाचा. आत तिरका आरसा आहे,” मावशी सांगू लागल्या. “भिंगातून आलेला उजेड आरशावर आपटून वर जातो आणि तुझ्या डोळ्यात शिरतो. बटण दाबलं की आरसा टुणकन वर उठतो आणि तोच उजेड सरळ सेन्सरवर पडतो. मधे अंदाज करणारं कोणी नाही.”

आता खरी पंचाईत आली. यामिनीच्या पैशांत दोनच जोड्या बसत होत्या. एक, काळ्यांमधलाच जरा नवा कॅमेरा आणि आखूड भिंग. दुसरी, पंचवीस वर्षांचा म्हातारा कॅमेरा आणि लांब भिंग (दूरचं जवळ आणणारं). नवा दिसायला देखणा होता. म्हाताऱ्याच्या कोपऱ्यांचा रंग उडाला होता. यामिनीचं मन नव्याकडे ओढ घेत होतं हे काही लपत नव्हतं.

“घरटं किती लांब?” मावशींनी विचारलं.

“बांधावरून दीडशे पावलं.”

“आणि तू जवळ गेलीस तर?”

“आई-बाप पिल्लाला घेऊन निघून जातील.” यामिनीने एक सुस्कारा टाकला. “कळलं मावशी. म्हातारा द्या.”

मग बाबांनी सांगितल्याप्रमाणे पारखणं सुरू झालं. मावशींनी भिंगामागे बॅटरी धरली आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे नाहीत ना ते बघायला लावलं. धानाच्या मुलखात दमट हवेने भिंगाला बुरशी लागते. कॅमेऱ्याचा आरसा आजवर किती वेळा उठला तेही बघितलं. अठरा हजार. त्या कॅमेऱ्याला लाखभर सहज झेपतात. म्हातारा दिसायचाच म्हातारा होता. तिवईला (कॅमेरा ठेवायच्या तीनपायी घोडीला) पैसे उरले नव्हते, तेव्हा मावशींनी उशीच्या जुन्या अभ्र्यात धान भरायला सांगितलं. त्यावर कॅमेरा टेकवला की तो हलत नाही.

रविवारी झुंजुमुंजु झालं तेव्हा यामिनी बांधावर पालथी पडली होती. शेजारी बाबाही पालथे पडले होते आणि खोकला येऊ नये म्हणून तोंडात लवंग धरून होते. तळ्यावर धुकं होतं. तासाभराने ते विरळ झालं आणि गवतातून लाल मान वर आली.

खटाक! फोटोत नुसता राखाडी फराटा आला. सारस हलला होता.

दुकानातून निघताना रोवणभाऊने सांगितलेलं यामिनीने मनात घोळवलं. उजेड कमी असेल तर तीन गोष्टी हातात असतात. भिंगाचं दार (उजेड आत येण्याचं भोक) उघडायचं, ते तर पूर्ण उघडंच होतं. उजेड जास्त वेळ आत घ्यायचा, पण तेवढ्यात पक्षी हलतो. उरली तिसरी. सेन्सरची संवेदनशीलता (थोडक्या उजेडाला दाद देण्याची तयारी) वाढवायची. तसं केलं की फोटो दाणेदार दिसतो, पण वेळ अगदी थोडा पुरतो. तिने चाक फिरवलं, वेळ कमी केला आणि श्वास रोखला.

खटाक, खटाक, खटाक.

फोटो काही भिंतीवर लावण्याजोगा नव्हता. रवा सांडल्यासारखे दाणे सगळीकडे. पण मधे सारस उभा होता, आणि त्याच्या पायाशी हळदुल्या रंगाचा एक गोळा. पिल्लू!

“आलं गं!” बाबा कुजबुजले आणि लवंग गिळून बसले.

साडेदहाला फोटो केंद्राकडे गेला. त्यानंतरचा सव्वा तास यामिनीने अंगणात फेऱ्या मारून काढला. पावणेबाराला केंद्रातल्या नलिनी उके मॅडमचा फोन आला.

“फोटो खराखुरा आहे. घेतला आपण,” मॅडम म्हणाल्या. “फक्त एक सांग. पिल्लं एक लिहू की दोन?”

“एक, मॅडम. मी रोज बघते. एकच आहे.”

“घाई करू नको. फोटो मोठा कर. मोठ्या सारसाच्या पायामागे बघ.”

यामिनीने फोटो मोठा केला. दाणे आणखी मोठे झाले. पायामागे गवताच्या दोन काड्या होत्या, आणि काड्यांच्या मधून एक इवलीशी चोच आणि एक काळा ठिपका तिच्याकडे बघत होता. डोळा होता तो.

इतके दिवस ती बघत होती आणि तिला ते कधीच दिसलं नव्हतं. बाबांनाही नाही. त्या म्हाताऱ्या कॅमेऱ्यालाही पिल्लू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याने फक्त आलेला उजेड जशाच्या तसा ठेवून दिला होता. फोनने तिथे काय भरलं असतं? त्याला आधीपासून माहीत असलेलंच काहीतरी. आपण न बघितलेलंही आपल्याला सांगणारी वस्तू तिच्या हातात होती. मग रात्री ती आभाळाकडे धरली तर? पाण्याच्या थेंबाकडे धरली तर?

“यामिनी? बारा वाजत आले. काय लिहू?”

तिचा आवाज रोवणभाऊला शोभेल असा निघाला. पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत नक्की गेला असेल.

“दोन, मॅडम! दोन लिहा!”