बोटभर उष्टं

वेंडेल दुकानात आला तो हात शेकायच्या पुड्या न्यायला. शनिवार होता, डिसेंबरची एकवीस तारीख, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. वर्षातली सगळ्यात लांब रात्र तीच. इथं ओहायोत त्या दिवशी साडेपाचला डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही.

तुमच्यापैकी कुणी वेंडेलला ओळखत नसेल. माझ्या शेजारच्या गाळ्यात तीस वर्षं त्याचं गालिच्यांचं दुकान होतं. बायको गेली, दुकान विकलं, तरी दिवसाआड माझ्याकडे चक्कर असायचीच. मला तो पॅट म्हणतो, पाटणकर त्याच्या जिभेला पेलत नाही. माणूस सोन्यासारखा, खोड मात्र एक. दर शनिवारी मेलेल्यांच्या घरी खरेदीला जायचं.

हसू नका, इथली रीतच आहे ती. एकटं म्हातारं माणूस गेलं की मुलं लांबून येतात, दार सताड उघडतात आणि चमच्यापासून चादरीपर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लावतात. लोक रांग लावून आत शिरतात. आपल्याकडे मेलेल्याचं अंथरूण कुणी घरात ठेवत नाही, इथं त्याच्या उशीचा भाव करतात. वेंडेल आणि त्याचा जुना मित्र लॉनी, दोघं सकाळी सातलाच रांगेत.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका घरातून त्यानं नातीसाठी कापडी ससा आणला होता. टेसी तेव्हा चार वर्षांची. सशाच्या पोटात ढेकूण निघाले. पोरीच्या अंगावर गांधी उठल्या आणि त्याच्या मुलीच्या, मार्लाच्या, घरातल्या गाद्या रस्त्यावर आल्या. मार्लानं त्याला सरळ सांगितलं, "बाबा, मढ्याच्या घरातली एकही वस्तू पुन्हा माझ्या पोरीला लागली, तर ती तुमच्या घरी कधी झोपणार नाही. कधीच."

दोन नाताळ कोरडे गेले. त्या वर्षी मार्ला जरा नरमली. म्हणाली, "शनिवारी आमच्याबरोबर प्राणिसंग्रहालयातले दिवे बघायला चला. नीट वागलात तर नाताळच्या आदल्या रात्री टेसीला पाठवते." वेंडेलनं तिच्यासाठी कोरी गादी आणली. वरचा प्लास्टिकचा कागद काढला नव्हता, मार्लाला दिसावा म्हणून.

आणि हा शहाणा त्या दुपारी माझ्या गल्ल्यावर काय ठेवतो? एक मोठा प्लास्टिकचा मग. वर झाकण, अंगावर दिव्यांचा हत्ती.

"तिथलाच आहे, पॅट. हा दाखवला की रात्रभर कोको भरून देतात."

"नवा घेतलास?"

"माझ्यासाठी नवाच."

मी तो हातात घेतला नाही. बत्तीस वर्षं दुकान चालवतोय. उघडलेली बाटली कधी परत घेतली नाही, गिऱ्हाइकानं आईची शपथ घेतली तरी. माणसाचं तोंड लागलं की वस्तू त्याची झाली.

"फेकून दे," मी म्हटलं. "मार्लाला कळलं तर?"

"तीनदा ब्लीचमध्ये बुडवलाय. तुझ्या ताटांपेक्षा स्वच्छ आहे."

पुड्या खिशात घालून तो गेला. पुढचं त्यानं मला जानेवारीत सांगितलं, मागच्या खोलीत, खोक्यावर बसून.

सहाला सगळे फाटकाशी जमले. मार्ला, तिचा नवरा कर्टिस, टेसी आणि लॉनी. गर्दी मुंग्यांसारखी. झाडाच्या फांदीफांदीला दिवे, दिव्यांचे जिराफ, दिव्यांची माकडं. खरी जनावरं मागे कोंडलेली.

"तिकीट काढून आत यायचं आणि प्राणी कुठायत, तर झोपलेत," कर्टिस म्हणाला. "आपल्यापेक्षा शहाणे आहेत."

"वास तर येतोय की," लॉनी म्हणाला.

"तो तुझ्या बुटांचा असेल."

मार्ला हसली. वेंडेलच्या जिवात जीव आला. मग तिची नजर मगावर गेली.

"हा कुठून आणलात?"

"इथलाच आहे."

"नवा?"

"नवाच, बाई."

कोकोच्या टपरीवरच्या पोरीनं मग घेतला, झाकण काढलं आणि नाक मुरडलं. "आजोबा, यात थोडं उरलंय. ओतून टाकू?"

"उरेल कसं? रिकामा आहे तो."

तिनं मग तिरका करून दाखवला. तळाशी बोटभर तपकिरी काहीतरी, वर जाड सुरकुतलेली साय. तिनं ते बर्फावर ओतलं. ओतलं म्हणजे काय, ते घरंगळत आलं आणि गोळा होऊन पडलं. त्यातून वाफ निघत होती. वास गोडच होता. पण त्या गोडाखाली दुसरा एक... बंद पडलेल्या फ्रिजचं दार आठ दिवसांनी उघडल्यावर येतो तसा.

धुण्याचं पाणी राहिलं असेल, वेंडेलनं स्वतःची समजूत घातली. पोरीनं काठोकाठ भरून दिलं. पहिला घोट बरा लागला. दुसऱ्या घोटाला जिभेवर दोरा आला. त्यानं बोटं घालून ओढला. केस होता. पांढरा, राठ, आखूड, टोकाला तपकिरी. मिशीचा.

वेंडेलला मिशी नाही. कधी नव्हतीच.

मार्ला आणि कर्टिस पोरीला घेऊन पुढे झाले तसा लॉनी कानाशी आला. "तोच ना हा? त्या ऑर्विलच्या घरातला?"

"हळू बोल."

"मला काल कळलं, लेका. म्हातारा अकरा दिवस खुर्चीत होता. हीटर चालू. हा मग त्याच्या हातातच होता म्हणे, बोटांतून सोडवावा लागला. तळाशी बोटभर कोको, त्यावर बुरशी."

"हे आत्ता सांगतोस?"

"तू एवढा खूश होतास..."

"मिशी होती का त्याला?"

लॉनीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

वेंडेल कचऱ्याच्या डब्याकडे वळला. तो मग तिथंच फेकायचा, पण वीस पावलांवर मार्ला वळून बघत होती. कोरा मग फेकला तर विचारणार. लॉनी खोटं बोलताना कानापर्यंत लाल होतो. गादीवरचा तो प्लास्टिकचा कागद वेंडेलच्या डोळ्यांपुढे आला. त्यानं मग हातात धरला आणि चालत राहिला. प्यायचं मात्र नाही, एवढं ठरवलं.

टेसी लाकडी घोड्यांच्या पाळण्यात बसली. सात वाजून पस्तीस मिनिटं. समोर भलं मोठं घड्याळ होतं. वेंडेल बाकावर टेकला आणि मग बाजूला ठेवला, झाकण उघडं टाकून, म्हणजे कोको गार होईल आणि ओतून टाकायला निमित्त मिळेल.

पाळण्याची एक फेरी झाली. त्यानं सहज मगात पाहिलं.

कोको कमी झाला होता. दोन बोटं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. बाकावर कोणी नाही. लॉनी शेंगा घ्यायला गेलेला. मगाच्या कडेवर, तो प्यायला होता त्याच्या बरोबर समोर, ओठांचा ठसा होता. तेलकट आणि ओला.

दुसरी फेरी.

सुर्र...

म्हातारं माणूस बशीतून ओढतं तसा आवाज. अगदी शेजारून. बाकावर बर्फ साचलं होतं. शेजारची तेवढी जागा ओली होती. माणूस बसेल एवढीच. वाफाळत होती.

सुर्र...

तो वास आला. आता गोड मुळीच नव्हता.

वेंडेल उठणार होता. पाय उचलेनात. मगात बोटभर उरलं. आवाज थांबला.

पाळणाही थांबला. टेसी धावत आली, गाल लाल झालेले. बाकाशी येऊन तिनं मग उचलला, दोन्ही हातांनी.

"नको, बाळा. ते गार झालंय."

"कोमट आहे." तिनं मगात डोकावलं. "माझ्यासाठी ठेवलंय ना?"

"कुणी सांगितलं?"

"त्यांनी." तिनं बाकाकडे मान हलवली. "मिशीवाल्या आजोबांनी."

मार्ला येऊन उभी राहिली. "द्या की तिला, बाबा. एवढं काय झालं?" मग तिचा आवाज बदलला. "नवाच आहे ना तो?"

तो मग पोरीच्या ओठाजवळ... साय हलली...

एकच वाक्य पुरलं असतं. हा मढ्याच्या घरातला आहे. एवढंच. पोरगी वाचली असती, नाताळ गेला असता. वेंडेलनं तोंड उघडलं.

त्यानं मग हिसकावला. तोंडाला लावला.

आणि प्यायला.

साय आधी आली. टाळूला चिकटली. मग ते... जाड, कोमट, गाठीगाठींचं. त्यात केस. एक नव्हे. गिळवेना आणि थुंकवेना. मार्ला बघत होती. त्यानं गिळलं. पुन्हा गिळलं. तळ दिसेपर्यंत.

"बाबा," मार्ला म्हणाली, "पोरीच्या तोंडचं काढून घेतलंत?"

"तहान लागली होती," वेंडेल म्हणाला. आणि हसला. कसा हसला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

कर्टिसला हसू आवरेना. टेसी भोकाड पसरून रडली, मग तिला कागदी पेल्यात ताजा कोको मिळाला आणि रडू थांबलं. हत्तीचा मग कचऱ्याच्या डब्यात गेला. मार्लाही शेवटी हसली. "मंगळवारी संध्याकाळी आणून सोडते तिला," म्हणाली. पावणेनऊला गाड्यांच्या तळावर वेंडेल आपल्या गाडीमागे वाकून ओकला. बर्फावर पडलं त्यात केसांची गुंडी होती, मांजर टाकतं तशी. बुटानं बर्फ लोटून त्यानं ती झाकली.

त्या दिवसापासून तो पेल्यानं पाणी पीत नाही. नळाखाली ओंजळ धरतो.

मंगळवारी टेसी आली. इथली रीत तुम्हाला ठाऊक आहे, नाताळच्या आदल्या रात्री पोरं सांतासाठी दूध आणि बिस्किटं ठेवतात आणि ती झोपली की घरातलं मोठं माणूस गुपचूप पिऊन टाकतं. टेसीनं काचेचा पेला काठोकाठ भरून शेगडीशी ठेवला. वेंडेलला तो तोंडाला लावणं शक्यच नव्हतं. पोरगी झोपली की मोरीत ओतायचं, असं त्यानं ठरवलं होतं. खुर्चीत बसला. डोळा लागला.

जाग आली तेव्हा सहा चाळीस. टेसी समोर उभी होती, झोपायच्या कपड्यांत, मूठ मिटलेली.

"सांता येऊन गेला, आजोबा. बघा, मिशीचा केस पडलाय त्याचा." तिनं मूठ उघडली.

पेला रिकामा होता. रात्री त्यात पांढरं दूध ओतलं होतं, पण कडेवरचा ठसा तपकिरी. आणि त्याच्यासमोर दुसरा ठसा. लहान.

"सगळं पिऊन गेला?" वेंडेलनं विचारलं.

"नाही. माझ्यासाठी बोटभर ठेवलं होतं."

"मग?"

"मी प्यायले."

...

हे सांगताना वेंडेल खोक्यावर बसून रडला. मी म्हटलं, "मार्लाला सांगून टाक, काय व्हायचं ते होईल."

"सांगितलं तर पोरगी माझ्याकडे येणार नाही, पॅट."

"आणि नाही सांगितलं तर?"

अजून त्यानं सांगितलेलं नाही. पोरगी दर शनिवारी त्याच्याकडे झोपते.

गेल्या आठवड्यात दोघं दुकानात आले होते. वेंडेल बाहेर गाडीत सामान ठेवत होता. टेसी आता सात वर्षांची झालीय, पुढचे दोन दात पडलेत. मी तिला संत्र्याच्या रसाची बाटली दिली. सीलबंद. बूच माझ्यासमोर फोडलं. गटागटा प्यायली आणि बाटली गल्ल्यावर ठेवली. तळाशी बोटभर उरलं होतं.

"संपव की," मी म्हटलं.

"ते माझं नाही," म्हणाली, आणि गेली.

मी बाटली उचलणार, तेवढ्यात फोन वाजला. मागच्या खोलीत गेलो. दोन मिनिटं, जास्त नाही. दाराची घंटा वाजली नाही. दुकानात कोणी आलं नाही.

परत आलो. बाटली जागची हललेली नव्हती.

कोरडी होती.

तिच्या तोंडाशी बोट नेलं... कोमट लागलं. काहीतरी बोटाला चिकटलं. उजेडात धरून पाहिलं.

पांढरा, राठ. टोकाला तपकिरी.