तूर्तास मयत

आमच्या पहिल्या भेटीत मी सरळ त्याच्या मांडीवर बसले!

सुनावणीच्या खोलीतली ती खुर्ची रिकामी होती हो, शपथ. खाली काहीतरी गार लागलं म्हणून किंचाळून उठले, तर एक उंच, सावळा मुलगा ओशाळून हसत होता.

"असू दे... सकाळपासून बरेच जण बसून गेले."

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. नोंदणी कार्यालयानं त्याच्या चुलतभावाऐवजी त्यालाच मयत दाखवलं होतं. चूक सुधारा म्हणून त्यानं अर्ज केला, तर सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी अंतरिम हुकूम काढला: अंतिम निर्णयापर्यंत अर्जदाराला मयतच धरावं, आणि मयताची साक्ष घेता येत नाही.

"म्हणजे मी जिवंत आहे, हे मीच सांगायचं नाही," तो म्हणाला. "वकीलबाई, घ्याल केस?"

"मेलेली माणसं इतकी हसतात?"

"समोर कोण आहे... त्यावर असतं."

घेतली केस. डोळेच तसे होते, काय करणार!

माझे काका म्हणजेच माझे सीनियर. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, सुनावणी अर्धवट असताना कोर्टात धावलीस तर हाकलून देतील. निर्णय येऊ दे, मग सगळं एकदम तपासतील. मध्येच हात घालतात ते फक्त नंतर भरून न येणारं नुकसान असेल तरच."

थांबायला माझी ना नव्हती. पण तो पुसट होत चालला होता.

चहावाला आम्हा दोघांसमोर एकच कप ठेवी. शिपायानं एकदा त्याला आत ठेवूनच खोलीला कुलूप घातलं. एका संध्याकाळी पावसातून चालताना मी नखशिखान्त भिजले आणि त्याचा शर्ट कोरडा ठणठणीत.

"छत्रीचा त्रास वाचला," तो म्हणाला. मला हसू आलं नाही.

मग हळूच बोलला, "काल आई शेजारणीला सांगत होती... फार गुणी होता गं माझा लेक. मी तिच्या समोरच बसलो होतो."

मी त्याचा हात धरला. "मला दिसतोस ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरले, तर बाकडं रिकामं. "इथंच आहे मी," आवाज आला. डोळे ताणून ताणून पाहिलं, तेव्हा कुठे तो दिसला. काकांना न विचारताच मी त्या दिवशी कोर्टात अर्ज टाकला.

न्यायाधीश बाई वयस्क, चष्म्याआडून बघणाऱ्या. तो माझ्या शेजारी उभा होता आणि कार्यालयाच्या वकिलांनी त्याच्या पायावर खुशाल आपली बॅग ठेवली होती.

"अंतिम निर्णय यायचाच आहे," बाई म्हणाल्या. "विरुद्ध गेला तर तेव्हा या. अंतरिम हुकमात आम्ही आत्ताच का पडावं?"

"तेव्हा अर्जदार उरणार नाही, मॅडम."

"नुकसान नेमकं कुणाचं?" त्यांची नजर त्याच्या आरपार भिंतीवर गेली.

रात्रभर पाठ केलेले मुद्दे कुठल्या कुठे पळाले.

"माझं," मी म्हणाले. "माझं प्रेम आहे त्याच्यावर. उद्या तो मलाही दिसणार नाही... आणि तो जिवंत आहे, हेसुद्धा मला आठवणार नाही. हे कुठलं कोर्ट भरून देणार?"

बाईंनी बराच वेळ लिहिलं.

"अंतरिम हुकमाला स्थगिती. आधी अर्जदाराची साक्ष घ्या." मग चष्मा वर सरकवून त्या थबकल्या. "आणि वकीलबाई, शेजारच्या गृहस्थांना सांगा, कोर्टात असं दात काढून हसू नये."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

"आधी जिवंत तर ठर!"

हो म्हणालेच मी, लगेच. पण अंतिम निर्णय अजून यायचाय. तोवर मी त्याच्याकडे बघत राहते, आणि पापणी लवली की आधी त्याचा हात चाचपते.