मरीमायचा विडा

आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी बोरखेडीच्या देवळातून मरीमायचा चांदीचा मुखवटा गेला. रुपचंद जमादार धुळ्याहून सायकल हाणत पोचले, तोवर गावानं गुन्हेगार ठरवूनही टाकला होता. नासीर लोहार. काल मुखवट्याला उजाळा त्यानं दिलेला. त्याचं घर उलथंपालथं करून, दंडाला दोरी बांधून त्याला देवळाच्या खांबाशी बसवलं होतं.

"सापडलं काही?"

"नही, साहेब."

"मग बांधला कशाला?"

जमादारांचं डोकं भणाणलं. दुपारी बारागाड्या. एकमेकींना बांधलेल्या बारा गाड्या, माणसांनी भरलेल्या, आणि बैलांऐवजी ओढणारा एकटा भगत. मुखवटा नाही तर गाड्या नाहीत, आणि गाड्या नाहीत तर हे लोक नासीरला जिवंत सोडणार नाहीत. वर गाभारा तुडवून साऱ्या खुणांचा सत्यानाश केलेला!

देवीच्या चौथऱ्यावर तेवढा एक विडा उरला होता. दोन पानं, वर सुपारी.

"हा विडा कुणाचा रे, चिंधा?"

"माले काय माहीत? काल दिवा लावा तवय नव्हता," गुरव म्हणाला.

"रोज स्नानाला मुखवटा उचलतोस, तेव्हा विडा ठेवतोस?"

"रोजना उचलाना हात शे मना. मी कसाले ठेवसू?"

भिंतीशी अंगभर हळद लावलेला जीवराम भगत खांब धरून उठला. "साहेब, वेळ कसाले घालावतस? नासीरले लई जा."

जमादार त्याच्याकडे बघतच राहिले. मग सरळ देवळाच्या अंगणात गेले. भंडाऱ्याच्या गव्हाची पोती तिथं रचली होती. तिसऱ्या पोत्यात हात घातला, तेव्हा बोटांना थंड चांदी लागली.

त्यांनी मुखवटा बाहेर काढला.

"देवी हलवायची म्हणून विडा ठेवून तिची परवानगी मागणारा चोर असतो का?" जमादार चिडूनच बोलत होते. "हा भक्त. भक्त मायला भुईवर ठेवणार नाही, धान्यावर ठेवील. गुरवाला विडा लागत नाही. आणि जवळचं, याच अंगणातलं धान्य कुणाला शोधावं लागेल? हळद लागल्यापासून पाच दिवस ज्याला देवळाच्या अंगणाबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याला. खरं ना, जीवराम?"

म्हातारा गुडघा धरून खाली बसला.

"बावीस वरीस गाड्या ओढ्यात, साहेब. औंदा गुडघा चालत नही. गाड्या अडन्यात तं लोक म्हनतीन, भगतना हाते पाप घडनं. मायच नही तं गाड्याच नहीत. उद्या मी मुखवटा काढी देतू."

"आणि आज हा मार खाणार? सोड त्याची दोरी. तूच सोड."

जीवरामानं गाठीला बोटं लावली. गाठ सुटेना. नासीर त्याच्याकडे न बघताच बोलला,

"आबा, तुमना गुडघा माले पहिलेच दिखी गया व्हता. म्हनीसन औंदा बाराच्या बारा गाड्यासले दुप्पट वंगन भरं मी."

गाठ सुटली, तरी जीवरामाचा हात त्या दंडावरून हलेना.