ब्लेनच्या उजव्या गालावरची लाली

"तिकडे बघ! माझ्या लेकीकडे बघू नकोस!"

दवाखान्याच्या ओट्यावर वुडनेशनं ब्लेनला शालीआड लपवलं, आणि कॉफीच्या सुरया डोक्यावर घेतलेली मी जागीच थिजले. ब्लेनच्या उजव्या गालावर, कानापासून ओठापर्यंत लाल पट्टा उमटला होता. माझ्यासमोर संत्रं खाल्लं की हटकून उमटायचा. आम्ही कुंभार, आमची नजर खाणाऱ्याला लागते, असं सारं गोंदर शहर म्हणतं. शेजारची ही पोर माझ्याच मांडीवर वाढलेली... आता तिच्या आईला माझं दर्शनही नको होतं.

"नजर एकाच गालाला लागते?" नवे डॉक्टर गिरमाचेव दारात उभे होते. "भारीच शिस्तीची दिसते!"

मला हसू आलं — आणि त्यांनी ते पाहिलं.

लाली ओसरेपर्यंत त्यांनी आम्हाला थांबवलं. तेवढ्यात माझं नावही विचारून घेतलं. मग ब्लेनला पाव दिला. "आता बघा सगळे, डोळे फाडून. तुम्हीसुद्धा, अस्नाकेच."

गाल जसाच्या तसा.

मग संत्र्याची फोड. "आता पाठ फिरवा. मीही डोळे मिटतो."

भिंतीकडे तोंड करून मी मरियममातेचं नाव घेत राहिले.

"वळा."

पट्टा होता. तोच, तेवढाच.

"बाळंतपणात चिमटा लावला होता ना?" वुडनेशनं मान हलवली. "तेव्हा कानापुढची नस दुखावली. भरून येताना लाळ सोडायला सांगणारा तिचा धागा चुकून गालाच्या कातडीला जुळला. आंबट खाल्लं की गालालाही निरोप जातो. नजर नाही, संत्र्याचं वावडंही नाही. मोठी होईल तसं बहुतेक आपोआप कमी होईल."

त्या इवल्या गालाआड केसाहून बारीक धागे... वाट चुकलेले, तरी जिवंत! देवा, काय तुझं विणकाम!

वुडनेशनं ब्लेनला माझ्या मांडीवर ठेवलं. "तूच भरव. माझे हात गुंतलेत," ती पुटपुटली. तिचे हात रिकामे होते.

"तुम्ही काही खाल्लं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"बुधवार आहे. तिसऱ्या प्रहरापर्यंत उपास."

"मग मीही थांबतो."

देवळाची घंटा झाली, उपास सुटला. त्यांनी इंजेराच्या मऊ भाकरीचा घास गुंडाळून माझ्या ओठांशी धरला... आपल्या माणसाला भरवतात, तसा.

"एका घासानं भांडण होतं म्हणतात," मी हळूच म्हटलं.

"मग दुसरा घ्या." ते थबकले. "अरेच्चा, लाली!"

"कुठल्या गालावर?"

"दोन्ही. याचं निदान होतं — इलाज माझ्याकडे नाही."

मी घास गुंडाळला आणि साऱ्या ओट्यादेखत त्यांच्या तोंडात दिला. ते खात होते, आणि मी — नजर न वळवता — त्यांच्याकडे बघत राहिले.