आबांची हाक

ही गोष्ट खोटी म्हणणाऱ्यानं एकदा माझ्या मावसभावाला, धनाजीला भेटावं. साधा माणूस. थापा मारायला गेला तर पहिल्या वाक्यातच पकडला जातो!

गेल्या कार्तिकातली संध्याकाळ. पलूसजवळचं ऊस तुटलेलं रान. शेतमालकाला खत हवं असतं, म्हणून धनाजी दरवर्षी आटपाडीकडनं मेंढरं तिथं बसवायला आणतो. सोबत बायको पल्लवी आणि लहानगी लेक शिवांजली.

त्या वर्षी वडील नव्हते. अर्जुना आबा उन्हाळ्यातच गेले.

आणि मेंढरं धनाजीला हिंग लावून विचारत नव्हती. त्यांना सवय आबांच्या हाकेची. ओरडून ओरडून ह्याचा घसा बसला.

उपाय पल्लवीला सुचला. आबांना लिहिता येत नव्हतं, त्यांचं सगळं व्हॉइस मेसेजवर चालायचं. एका मेसेजमध्ये बोलता बोलता त्यांनी मेंढरांना हाक मारली होती.

"हुर्र... हुर्र... या गं बायांनो."

धनाजीनं मोबाईल स्पीकरला जोडून तो मेसेज लावला आणि सगळी मेंढरं धावत त्याच्यापाशी आली. गड्याला रडूच फुटलं. मग रोज तेच चालू झालं.

त्या संध्याकाळी दिवस नुकताच बुडाला होता. त्यानं मेसेज लावला.

मेंढरं आली नाहीत.

सगळ्यांनी माना वळवल्या... पलीकडच्या उभ्या उसाकडं.

कुत्रंसुद्धा भुंकेना.

धनाजीनं पुन्हा लावला. या वेळी हाक संपली, पण मेसेज थांबला नाही. नुसती खरखर... आणि मग आबांचाच आवाज, अगदी लाडात.

"शिवांजली, तू बी ये."

त्यानं कोकरांकडं पाहिलं. लेक तिथंच खेळत होती.

आता नव्हती.

तो उसात घुसला. पाती तोंडावर सपासप लागत होती. उसापलीकडं कालवा... आणि काठावर शिवांजली, एक पाय पाण्यात. त्यानं तिला मागनं उचललं. पोर रडली नाही, उलट चिडली. आबा हात पुढं करून उभे होते म्हणाली.

मेसेज तिथंच डिलीट केला. पहाटे बिऱ्हाड घोड्यांवर लादून ते कडेगावकडं निघून गेले.

आता हाक धनाजीच मारतो. मेंढरं निमूट येतात. मागच्या आठवड्यात मी भेटायला गेलो, ते बघून मलाही बरं वाटलं.

दिवस मावळायला आला तशी पल्लवी भाकरी तव्यावर टाकून उठली. तिनं लेकीचा हात घट्ट धरला. भाकरी करपली, तरी ती हलली नाही.

शिवांजली अंधाराकडं बघत होती. मग एकदम समजुतीनं म्हणाली,

"आबा, आईनं हात धरलाय. सोडला की येते."

पल्लवीनं हात सोडला नाही. पण लेकरू उद्या मोठं होणार, शाळेत जाणार... किती दिवस धरून ठेवणार ती?