पिठाकडं बघायचं नाही

आठवण माणसाच्या कुठल्या जागी राहते? हे मी हिंगोलीच्या डॉक्टरला विचारलं, मायला विचारलं, आमच्या गावच्या बंडोपंतांनाही विचारलं. कुणीच धड सांगितलं नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. मला सजवून सांगता येत नाही. जसं झालं तसं सांगतो. दिवा जरा इकडं घ्या.

काम साधंच होतं. कार्तिक महिना होता, हळदीला पाणी द्यायचं होतं. मोटेचा नाडा, बैल ओढतात तो जाड दोर, एका जागी झिजला होता. माझा थोरला भाऊ संतराम, आम्ही त्याला भाऊच म्हणायचो, त्यानं आदल्या दिवशी मला सांगितलं की तेवढा तुकडा कापून नाडा जोडून ठेव. मी शिरड शहापूरला कुस्त्या बघायला गेलो. परत आलो तेव्हा तो ओसरीवर आडवा झाला होता. डोळे न उघडता त्यानं विचारलं, "नाडा केला का रे हरी?"

मी म्हणालो, "व्हय."

मोट हाकणारा माणूस बैल उताराला लागले की नाड्यावर बसतो. त्याच्या वजनानं बैलांना ओढायला बळ येतं. सकाळी धुकं होतं. सातव्या मोटेला नाडा तुटला. भरलेली मोट विहिरीत गेली आणि भाऊ मागच्या मागं धावेच्या, त्या उताराच्या, दगडावर आपटला. डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. समोर शकू वहिनी उभी होती, सहा महिन्यांची पोटुशी. त्यानं मायला विचारलं, "ही कोण बाई?"

तिथून तो मागं मागं जाऊ लागला. आधी लग्न विसरला. मग आबा, आमचा बाप, वारल्याचं विसरला आणि दारात बसून आबाची वाट बघू लागला. मला तो दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारायचा. मग हाक मारणंच गेलं. बारा-पंधरा दिवसांत शब्द गेले, उभं राहणं गेलं. तो गुडघ्यांवर रांगायचा. वहिनी पदर तोंडात धरून बघत राहायची.

आणि मला, खोटं कशाला बोलू, मला आत कुठंतरी हायसं वाटत होतं. तो नाड्याचंही विसरला होता.

हात मात्र विसरले नव्हते. भाऊची एक गाठ होती. लहानपणी त्याची करंगळी बैलाच्या खुराखाली सापडून वाकडी झालेली. त्यामुळं त्यानं गाठ मारली की तिच्या पोटात एक बारीक डोळा राहायचा, मुगाएवढा. मी कितीदा बघून बघून मारली, माझ्या गाठीला कधी तो डोळा आला नाही. आता तो दिवसभर घोंगडीचे दोरे ओढायचा आणि गाठी मारत बसायचा. घोंगडी फाटत चालली म्हणून मी गोठ्यातून दोरीचे दोन तुकडे आणून त्याच्यापुढं टाकले. घाईघाईत न बघता आणले. त्याच्या हातात गेले तेव्हा ओळखले. तुटलेल्या नाड्याचीच ती दोन टोकं होती.

त्यानं ती जोडली. पक्की. डोळा ठेवून. मग माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात ओळख नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. पण गाठ त्यानं उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

बंडोपंत त्याच दिवशी बघायला आले. ते गावचे मास्तर, हैदराबादहून पुस्तकं मागवून वाचायचे. ते म्हणाले, माणूस काही एकदम माणूस झालेला नाही. आधी पाण्यातला जीव होता, मग सरपटणारा, मग चार पायांचा. आईच्या पोटातलं लेकरूसुद्धा तेच सगळे वेष घेत घेत येतं, असं लिहिलंय. डोकंही तसंच मजल्यावर मजला चढवत झालंय. सगळ्यात वरचा मजला आपलं 'मी' म्हणणं. शेवटी बांधला, म्हणून धक्का बसला की आधी तोच ढासळतो.

माय कोपऱ्यातून म्हणाली, "तुमच्या आजोबाला शेपूट असंल पंत. आमच्या सासऱ्याला मिशा होत्या."

पंत हसले. मी विचारलं, "मग याला गाठ कशी येते? ती कोणत्या मजल्यावर हाये?"

त्यांनी तंबाखूला चुना लावला, मळत बसले. मग म्हणाले, "ते पुस्तकात नाही, हरिचंद."

शेवटच्या दोन दिवसांत भाऊ पाय पोटाशी घेऊन पडला. तोंड नुसतं उघडायचं आणि मिटायचं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. सत्ताविसाव्या दिवशी तेही थांबलं.

आमच्याकडं जिथं जीव गेला तिथं ज्वारीचं पीठ पसरतात. मधी दिवा ठेवतात, वरून मोठं टोपलं झाकतात. दहाव्याच्या सकाळी म्हाताऱ्यांनी टोपलं उचलायचं आणि पिठावर कुणाचं पाऊल उमटलं ते बघायचं. गेलेला माणूस त्या जन्माला गेला असं समजतात. तोवर दिवा विझू द्यायचा नाही. घरातल्या एकानं रोज दिवेलागणीला टोपलं एका बाजूनं उचलून तेल घालायचं, पण मान फिरवून. पिठाकडं बघायचं नाही. ते काम माझ्याकडं आलं.

दोन दिवस मी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तेल सांडलं की काय वाटलं, आणि नजर गेली.

पिठावर एक ओली रेघ होती. नागमोडी. पाय नसलेलं काहीतरी अंग घासत गेल्यासारखी. खोलीत विहिरीच्या तळाचा वास येत होता... शेवाळाचा, कुजलेल्या पानांचा. मी टोपलं टाकलं आणि बाहेर आलो. वाटलं, गांडूळ असेल.

पाचव्या दिवशी त्या रेघेच्या पुढं, जिथं ती संपली होती तिथूनच, दोन्ही बाजूंना बारीक नखं उमटली होती. मधी शेपटाचा ओरखडा. पाल, मी मनाला सांगितलं. सातव्या दिवशी चार पंजे. टोपल्याला कुठं उंदीर शिरेल एवढीही फट नव्हती, मी बोटांनी चाचपून पाहिलं. आणि सगळ्या खुणा एकाच माळेत होत्या. काठापासून दिव्याच्या दिशेनं, गोल गोल, आत.

मी कुणाला बोललो नाही. कसं बोलणार? बघायचंच नव्हतं.

नवव्या दिवशी आत आवाज आला. मी तेलाची वाटी घेऊन दारातच होतो. कोरड्या पिठावर काहीतरी सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. मोटेचा नाडा चाकावरून हळू येतो ना, तसं... मी टोपलं उचललं. आत कुणी नव्हतं. पंज्यांच्या पुढं गुडघ्यांचे दोन वाटोळे ठसे होते, रांगल्यासारखे. आणि दिव्याला टेकून, पाची बोटं पसरलेला, पुऱ्या माणसाचा पंजा. करंगळी वाकडी.

मला एका क्षणात कळलं. तो जसा उतरत गेला तसाच चढत येत होता. मजल्यामागून मजला. आता थोडंच उरलं होतं. शब्द येतील, आबा आठवेल, लग्न आठवेल. आणि सगळ्यात वर, सगळ्यात शेवटी, ती ओसरी. "नाडा केला का रे हरी?"

मी हात फिरवला. पंजा, गुडघे, नखं, ती पहिली रेघ, सगळं पुसून टाकलं. तळव्यानं पीठ सारखं केलं. पीठ गार असायला पाहिजे होतं. ते कोमट होतं, नुकतं कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं.

दहाव्याला भावकीतल्या थोरल्या व्यंकटरावांनी टोपलं उचललं. चार म्हातारे वाकले. पीठ कोरं. मायनं विचारलं, "काय हाये?" म्हातारे बाजूला सरले. तिनं स्वतः येऊन बघितलं. मग मटकन खाली बसली.

"लेकरू माझं कुठंच गेलं न्हाई," ती म्हणाली. "काहून असं झालं? कुठं बसून राहिलं असंल ते?"

माझ्या नखांत पीठ होतं. मी मुठी मिटून उभा राहिलो.

माघात वहिनीला मुलगा झाला. बाकीची लेकरं रडतात तसा तो रडत नाही. बघतो. माझ्याकडं जास्त. माय पुन्हा जेवू लागली, वहिनी हसली एकदा. बाराव्या दिवसाचं बारसं ठरलं आणि पाळणा टांगायची दोरी नव्हती. मी वारंगा फाट्यावरून दोरी वळायला अंबाडीचा वाख आणला. दोन दिवस ओट्यावर बसून वळला. एकेक पेड दहादा ओढून बघितला. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. संध्याकाळी पाळणा आढ्याला टांगला, स्वतः लोंबकळून पाहिलं, आणि माझी साधी गाठ मारली.

सकाळी बाया यायच्या आधी मी एकदा बघायला गेलो. वहिनी आणि माय झोपल्या होत्या. लेकरू पाळण्यात जागं होतं, वर बघत. मी पण वर बघितलं.

गाठ माझी नव्हती. तिच्या पोटात मुगाएवढा डोळा होता. मी पेटीवर चढून हात लावला, तर पेडांमधी पांढरं काहीतरी बसलेलं. बोटाला लागलं ते चाखून पाहिलं. ज्वारीचं पीठ.

मी खाली उतरलो. वहिनी जागी झाली, म्हणाली, "पक्की हाये ना भावजी?"

मी म्हणालो, "व्हय."

या वेळी खरं होतं. ती गाठ मी सोडली नाही. लेकराला दोन झोके दिले, आणि दार ओढून घेऊन गाव सोडून निघालो.